द टोटमधली शनिवारची रात्र

गॅरेज पंकच्या, म्हणजे छोट्या, कर्कश, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या रॉक गाण्यांच्या रेकॉर्ड मी घरी पुष्कळ ऐकते. पण हे संगीत पुरतं कळतं ते लहान खोलीत, वाजवणाऱ्यांपासून चार हातांवर उभं राहिल्यावर. मेलबर्नमध्ये अशी खोली शोधायला फार फिरावं लागत नाही. कॉलिंगवूडमध्ये जॉन्स्टन स्ट्रीट आणि वेलिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर द टोट नावाचा जुना पब आहे. या शहरातली तुझी सर्वांत आवडती जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी हाच पत्ता सांगते. गेल्या जुलैमधल्या एका शनिवारी तिथे तीन बँड होते आणि माझा मावसभाऊ पहिल्यांदाच माझ्यासोबत येणार होता. तो इथे शिकायला आलाय, पुण्यात असताना मेटल ऐकायचा, आणि आजवर त्याने बघितलेले कार्यक्रम सगळे मोठ्या मैदानांवरचे.

"ताई, दारं आठला उघडणार म्हणजे आपण साडेनऊपर्यंत पोचलो तरी चालेल ना?" त्याने दुपारी फोन करून विचारलं.

"नाही रे. पहिला बँड साडेआठला आहे. तो बघायचाच."

याबाबतीत मी हट्टी आहे. तीन बँडच्या रात्री पहिल्याला बहुधा रिकामी खोली मिळते, आणि तो बँड बहुधा सर्वांत नवा असतो. तिकिटाचे पैसे तिघांसाठी दिलेले असतात. शिवाय ज्या बँडसाठी सगळे गर्दी करतात, तोही कधीतरी साडेआठला वीस माणसांसमोर वाजवतच होता.

निघण्यापूर्वी त्याच्या हातात फोमच्या इअरप्लगची जोडी ठेवली. तो नको म्हणत होता, तेव्हा हिशेबच सांगितला. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. छताखालच्या लहान खोलीत ड्रम आणि दोन अँप (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्या) सुरू झाले की शंभरचा आकडा सहज ओलांडला जातो. प्लग घालायचीही पद्धत आहे. बोटांमध्ये वळून त्याची बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, सुरळी आत सारायची आणि फोम फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर उपयोग शून्य. मी तर पथकात कानात बोळे न घालता ताशा वाजवत मोठी झाले. त्या काळी हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून आता मी ज्याला त्याला सांगत असते.

86 नंबरची ट्राम स्मिथ स्ट्रीटवरून जाते. जॉन्स्टन स्ट्रीटच्या नाक्यावर उतरलो. थंडी कडक होती, पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यावरून पूर्वेला चालत निघालं की जुन्या टेक्निकल स्कूलच्या भिंतीवर किथ हॅरिंगने 1984 मध्ये स्वतः रंगवलेलं चित्र लागतं. भावाला ते ओळखू आलं आणि तो पावसातच फोटो काढत थांबला. कॉलिंगवूड ही एकेकाळी चपला-बुटांच्या कारखान्यांची कामगार वस्ती. आता घरांच्या किमती आभाळाला भिडल्यात, तरी सरकारी उंच इमारतींमधली कुटुंबं अजून इथेच आहेत आणि हा पबही आहे. पबचं नावसुद्धा याच रस्त्याच्या इतिहासातून आलंय. 1893 मध्ये जॉन रेन नावाच्या माणसाने जॉन्स्टन स्ट्रीटवर घोड्यांच्या शर्यतींवर बेकायदा पैजा घेणारा अड्डा काढला होता, दर्शनी भागात चहाचं दुकान ठेवून. त्या अड्ड्याला लोक टोट म्हणायचे.

दारावर तिकीट दाखवलं, मनगटावर शिक्का उमटला. शेजारी हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: 8:30, 9:30, 10:45. हे वेळापत्रक मला फार आवडतं. इथे तासभर वाट बघायला लावणं हा मानाचा भाग नाही.

बँडरूम अंधारी आहे, छत ठेंगणं, भिंतींवर पोस्टरांवर पोस्टरं. मंच बुटका. मंच आणि माणसं यांच्यामध्ये अडसर नाही, पहारेकऱ्यांची रांग नाही. पुढे जायचं असेल तर फक्त चालत जायचं. आम्ही मंचाच्या डाव्या अंगाला, ड्रमर दिसेल अशा जागी उभे राहिलो. मी नेहमी तिथेच उभी राहते. गाणाऱ्याकडे सगळे बघतात, पण गाडं हाकणारा मागे बसलेला असतो.

पहिला बँड तिघींचा. गिटार, बेस, ड्रम. विशी-बाविशीच्या मुली. समोर पंचवीसेक माणसं, त्यातली निम्मी त्यांच्या ओळखीची असावीत. कुणी स्वागत केलं नाही, दिवे बदलले नाहीत. ड्रमरने काड्या एकमेकींवर चारदा आपटल्या आणि आवाज अंगावर आला.

हा आवाज कसा घडतो ते मी भावाला नंतर समजावलं, पण सांगायची जागा हीच. मोठ्या मैदानावर प्रत्येक वाद्यापुढे माईक असतो आणि आपण ऐकतो ते सगळं मंचाच्या दोन बाजूंच्या स्पीकरमधून. लहान खोलीत गिटारचा आवाज बव्हंशी तिच्या स्वतःच्या अँपमधूनच थेट येतो. ड्रम तर उघडेच वाजतात. सभागृहाच्या स्पीकरमध्ये मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज सोडतात, कारण बाकीच्यांच्या पुढे त्याचाच निभाव लागत नाही. त्यामुळे गिटारवालीने अँपकडे एक पाऊल टाकलं की सूर आरोळी मारू लागतो, आणि ती वळली की थांबतो. तिच्या पायाशी फझचं पेडल होतं. 1962 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या फझ पेडलपासून या उपकरणाचं काम एकच आहे: तारेचा स्वच्छ सूर चिरडून त्याला दाते पाडायचे. रेकॉर्डवर हे दाते कानाला लागतात. खोलीत ते बरगड्यांना लागतात.

गाणी दोन-दोन मिनिटांची. तीन स्वर-संगती (कॉर्ड), क्वचित चार. मधेच तार उतरली, गिटारवाली खाली वाकून लावत बसली, तेवढ्यात बेसवालीने भाड्याच्या घरातल्या बुरशीबद्दलचं पुढचं गाणं आहे असं सांगितलं. लोक हसले, कारण मेलबर्नच्या हिवाळ्यात त्या बुरशीशी प्रत्येकाची गाठ पडलेली असते. मी मात्र ड्रमरकडे बघत होते. तिच्यापुढे जेमतेम चार गोष्टी: पायाने वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, जमिनीवर उभा असणारा एक फ्लोअर टॉम, एक झांज. प्रत्येक गाण्यात स्नेअरचा ठोका ती केसभर आधी टाकत होती. घाईने लय सुटते ती गोष्ट वेगळी. ही लय जागच्या जागी घट्ट होती आणि तरी पुढे रेटत होती. ताशा वाजवताना आमचे दादा हेच सांगायचे, की ढोल जड असतो, तो मागे ओढतो, ताशाने त्याला बोट धरून पुढे न्यायचं, पण हात सोडायचा नाही. त्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल, असं सारखं वाटत राहिलं.

पंचवीस मिनिटांत त्या थांबल्या. भाऊ म्हणाला, "ताई, एवढंच?" एवढंच. पंचवीस मिनिटं ही या संगीताची योग्य लांबी आहे असं मला वाटतं. जास्त झालं की कान बधिर होतात आणि गाणी एकमेकांत मिसळतात.

मग सुरू झाली सामानाची उचल-ठेव, आणि मी ती नेहमी उभी राहून बघते. ड्रमचा मोठा सांगाडा तिन्ही बँडना मिळून एकच असतो. प्रत्येक ड्रमर आपापला स्नेअर, झांजा आणि पायपट्टी घेऊन येतो, आपल्या उंचीला सगळं जुळवतो, वाजवून झालं की तेवढंच सोडवून नेतो. अँप उचलायला मदतनीस नसतात. मगाशी गाणारी मुलगीच आता दोन्ही हातांत केबलची भेंडोळी घेऊन गर्दीतून वाट काढत होती, आणि पुढच्या बँडचा गिटारवाला तिचा अँप उचलून देत होता. पंधरा मिनिटांत मंच तयार.

मग आम्ही पुढच्या बारमध्ये गेलो. मी एक पॉट घेतला, म्हणजे इथला 285 मिलिलिटरचा ग्लास, भावाने लिंबू-सोडा. शेजारच्या स्टुलावर साठीतले एक गृहस्थ होते. भाऊ नवखा आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला 2010 ची गोष्ट सांगू लागले. मला ती माहीत होती, तरी पुन्हा ऐकली, कारण ते तिथे हजर होते.

त्या वर्षी दारूच्या परवान्याचे नियम बदलले. रात्री संगीत वाजतं म्हणून या पबला धोक्याच्या जागांमध्ये धरलं गेलं आणि सुरक्षारक्षक, कॅमेरे यांचा खर्च मागे लागला. तो परवडेना म्हणून जानेवारी 2010 मध्ये पब बंद झाला. लोक रस्त्यावर उतरले, आणि 23 फेब्रुवारीला शहरात मोर्चा निघाला, हजारो माणसांचा. तारीख मुद्दाम निवडलेली. 1976 मध्ये त्याच दिवशी एसी/डीसी या बँडने मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर उभं राहून गाणं चित्रित केलं होतं. त्याच वर्षी पब पुन्हा उघडला. 2014 मध्ये व्हिक्टोरिया राज्याने आणखी एक नियम आणला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो: आधीपासून चालू असलेल्या संगीताच्या जागेशेजारी नवी घरं बांधायची असतील, तर आवाज अडवण्याचा बंदोबस्त घरं बांधणाऱ्याने करायचा. जागा आधी होती, तुम्ही नंतर आलात, एवढा साधा न्याय.

"आणि 2023?" मी विचारलं. गृहस्थांचा चेहरा खुलला. तेव्हा पब विकायला निघाला होता. नॉर्थ मेलबर्नमधल्या द लास्ट चान्स या रॉक अँड रोल बारच्या मालकांनी तो घ्यायचं ठरवलं आणि लोकांकडून 30 लाख डॉलर गोळा केले, पुढेही इथे संगीतच वाजत राहील या बोलीवर. भाऊ पटकन म्हणाला, "म्हणजे वर्गणी काढली!" मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं की आमच्याकडे गल्लीतला गणपती असाच बसतो, घरटी पैसे गोळा करून. त्यांनी मान डोलावली. आपण किती दिले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसरा बँड सुरू झाला तेव्हा खोली भरलेली होती. यांच्याकडे ऑर्गन होता, साठच्या दशकातल्या छोट्या इलेक्ट्रिक ऑर्गनसारखा पातळ, नाकातला आवाज काढणारा. या आवाजाचं मूळ अमेरिकेतल्या छोट्या गावांमध्ये आहे. बीटल्स अमेरिकेत पोचले, आणि गावोगावच्या पोरांनी घराच्या गॅरेजमध्ये अँप मांडले. शिकवायला कुणी नव्हतं, ध्वनिमुद्रण मिळेल त्या स्वस्त स्टुडिओत. त्याच्याही थोडं आधी, 1963 मध्ये, पोर्टलंडच्या द किंग्जमेननी 'लुई लुई' मुद्रित केलं, तेव्हा गाणाऱ्याचे शब्द इतके अस्पष्ट उमटले की त्यात काही अश्लील आहे का याचा एफबीआयने तपास केला आणि शेवटी शब्द कळतच नाहीत असा निष्कर्ष काढला. टॅकोमाच्या द सॉनिक्सनी तर ड्रम आणि आरोळ्या कुणी आजवर केल्या नव्हत्या इतक्या कर्कश केल्या. यातले बहुतेक बँड दोन-चार वर्षांत विरून गेले. 1972 मध्ये लेनी के या गिटारवादकाने त्यांची विस्मरणात गेलेली गाणी 'नगेट्स' नावाच्या दुहेरी रेकॉर्डमध्ये एकत्र केली आणि सोबतच्या टिपणात त्यांना पंक म्हटलं. लंडनच्या पंकला तेव्हा अजून चार वर्षं होती.

ऑस्ट्रेलियाही यात मागे नव्हता, उलट थोडा पुढेच होता. ब्रिस्बेनच्या द सेंट्सनी 1976 च्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्या खर्चाने आपलं पहिलं गाणं काढलं. लंडनच्या पंक बँडांपैकी कुणाचंही पहिलं गाणं तोवर बाजारात आलं नव्हतं. वाजवायला जागा मिळेना म्हणून त्यांनी पेट्री टेरेसमधल्या आपल्या राहत्या घरातच कार्यक्रम केले. मेलबर्नचा एडी करंट सप्रेशन रिंग हा बँड 2003 मध्ये जन्मला तो रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याच्या नाताळच्या पार्टीत. ते तिथे काम करत. पुढे त्यांच्या दुसऱ्या अल्बमला 2008 सालचं ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ मिळालं. खर्चिक स्टुडिओत महिनोन्महिने घासूनपुसून केलेल्या रेकॉर्डांच्या रांगेत ही ओबडधोबड रेकॉर्ड पहिली आली, याचा मला अजून आनंद होतो.

दुसऱ्या बँडच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटली. या खोल्यांमध्ये असं झालं की सहसा जे होतं तेच झालं. गिटारवाल्याने मान वर केली, तोवर मगाशीच्या बँडमधली मुलगी आपली गिटार डोक्यावर धरून गर्दीतून पुढे निघाली होती. ड्रमर आणि ऑर्गनवाला थांबलेच नाहीत, तेच चार ठोके घोळवत राहिले. गिटार बदलली गेली, केबल खोचली गेली, आणि गाणं जिथे अडलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. लोकांनी त्या मुलीसाठी मोठ्याने आरोळी ठोकली. भावाने माझ्याकडे बघितलं. मैदानावरच्या कार्यक्रमात त्याने असं काही पाहिलेलं नव्हतं.

पावणेअकराला शेवटचा बँड. चौघेही पन्नाशीच्या पुढचे, केस पिकलेले, अंगात साधे शर्ट. दिवसा यांतला कुणी शाळेत शिकवत असेल, कुणी नळ दुरुस्त करत असेल; या संगीतावर पोट भरणारे इथे मोजकेच. पहिल्या सुरालाच पुढची चाळीस-पन्नास माणसं उसळली. भाऊ मागे सरकू लागला, मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "कोपरं जवळ घे, पाय मोकळे ठेव, आणि कुणी पडलं तर आधी उचल." हा इथला अलिखित नियम आहे आणि तो कडक पाळला जातो. पाचव्या मिनिटाला आमच्यासमोर एक मुलगी घसरून पडली. चारी बाजूंनी हात आले, ती उभी राहिली, तिचा चष्मा कुणीतरी उंच धरून ठेवला होता तो तिच्याकडे आला, आणि सगळं पुन्हा सुरू.

खोली तापली होती. बाहेर सात-आठ अंश, आत कोट काढून कमरेला बांधलेले. त्यांची गाणीही छोटीच होती, पण शेवटचं मात्र लांबलं. दोनच स्वर-संगती, एकीकडून दुसरीकडे, पुन्हा मागे. पहिली दोन मिनिटं वाटतं, आता बदलेल. बदलत नाही. मग लक्ष बारकाव्यांकडे जाऊ लागतं: बेसवाला दर चौथ्या फेरीला एक सूर खाली सोडतोय, ड्रमर झांज सोडून टॉमवर उतरलाय, गाणाऱ्याने गाणं थांबवलंय आणि तो नुसता माईकचा दांडा धरून डुलतोय. आवाज किंचितही चढवला नव्हता, तरी खोलीतला ताण चढत होता. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात एकच ठेका वीस मिनिटं धरून ठेवल्यावर हातांचं जे होतं, तेच इथे ऐकणाऱ्या सगळ्यांचं होत होतं. ठेका आपण वाजवत नाही, तोच आपल्याला वाजवतो. मग ड्रमरने एक ठोका गाळला. एकच. त्या रिकाम्या जागेत सगळी खोली एकदम ओरडली, आणि चौघेही दुप्पट वेगाने तुटून पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी ते येतं आणि मी ते पुसत नाही.

हे रेकॉर्डवर होऊ शकत नाही. त्या गाळलेल्या ठोक्यात आमचा ओरडा होता, आणि आम्ही ओरडणार हे त्या ड्रमरला ठाऊक होतं. त्याला आमचे चेहरे दिसत होते.

दिवे लागले. मागच्या टेबलावर रेकॉर्ड, कॅसेट, टी-शर्ट मांडले होते, आणि विकायला बँडची माणसं स्वतः उभी. मी पहिल्या बँडची सात इंची रेकॉर्ड घेतली. तिकिटाच्या पैशातून साउंडवाल्याचा आणि दारावरच्या माणसाचा खर्च निघून उरलेलं बँडांमध्ये वाटतात. पहिल्या बँडच्या वाट्याला त्यातून फारसं येत नाही, म्हणून रेकॉर्ड घ्यायची असेल तर त्यांचीच घ्यावी असं मी ठरवलंय. टेबलामागे ती ड्रमरच होती. मी तिला स्नेअरच्या त्या केसभर आधीच्या ठोक्याबद्दल विचारलं. तिने डोळे मोठे केले. "तुम्हाला ऐकू आलं?" मग म्हणाली की तिची आजी गावातल्या ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवायची आणि चालताना बँड रेंगाळू नये म्हणून असंच करायची. तिच्याकडूनच ती हे शिकली.

मी सांगितलं की आम्हीही चालता चालताच वाजवतो. ताशा म्हणजे काय ते समजेना, तेव्हा तिने टेबलाखालून काड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि रेकॉर्डांचा खोका उपडा केला. त्या खोक्यावर मी तिला ताशाची एक चाल वाजवून दाखवली, आधी सावकाश, मग पूर्ण गतीने. तिने दोन्ही हात कसे पडतात ते नीट बघितलं, काड्या परत घेतल्या आणि सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला तिला ती बरीचशी जमली. मधला एक ठोका चुकत होता. तो उजव्या हाताचा आहे, हे भावाने तिला सांगितलं. बारवाले खुर्च्या उचलत होते. सप्टेंबरमध्ये इथल्या गणपतीला आमचं पथक वाजवतं, ये, असं मी म्हटलं, आणि तिने मनगटावरच्या शिक्क्याशेजारी पेनाने माझा नंबर लिहून घेतला.

शनिवारी 86 नंबरची ट्राम रात्रभर चालते. थांब्यावर भावाने कानातले बोळे काढले आणि पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारलं. शुक्रवारी, मी म्हटलं, चार बँड, पहिला आठला.